‘सर्वदा आनंद करा’: दुःखात हे वचन पेलायचं कसं?

संथपाणी

सगळ्यांना सलाम. लिहू की नको करत बरेच दिवस गेले. आज लिहितेच.

माझा धाकटा भाऊ प्रभूघरी गेला त्याला दहा महिने झाले. सहा आठवड्यांचं आजारपण. त्या सहा आठवड्यांत आम्ही घरच्यांनी जितकी प्रार्थना केली तितकी आधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून केली नसेल.

मी मंडळीच्या गायनात वीसेक वर्षं आहे. तोही होता. मी वरच्या सुरात, तो खालच्या. आता गीत सुरू झालं की माझे ओठ हलतात, पण आवाज येत नाही. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर एका ज्येष्ठ बाईंनी माझा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाल्या, “बाळ, आता पुरे. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असं वचन आहे ना? तो चांगल्या ठिकाणी आहे. तुझ्या चेहऱ्यावर साक्ष दिसली पाहिजे.”

त्यांचा राग आला नाही. त्यांनी स्वतः खूप सोसलं आहे. पण घरी येऊन फिलिप्पै ४:४ उघडलं आणि ‘सर्वदा’ या शब्दावर अडकले ती अडकलेच. कधीकधी म्हटलं असतं, शक्य तेव्हा म्हटलं असतं, तर निभावलं असतं. सर्वदा?

आणखी एक सांगायचं आहे, ते जास्त अवघड आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा काहीतरी बोलला, हुबेहूब बापासारखं, आणि मी खळखळून हसले. किती तरी दिवसांनी. त्या रात्री झोप लागली नाही. तो नाही आणि मी हसते आहे. म्हणजे आनंद होत नाही म्हणून देवापुढे अपराधी, आणि झाला तर भावापुढे अपराधी.

आनंद आज्ञा देऊन होतो का? तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा. वचनं पाठ आहेत, ती कशी जगलात ते सांगा.

---

ओंजळ

ताई, वाचून थांबले. ‘चेहऱ्यावर साक्ष’ हे मीही ऐकलं आहे, बाळ गेल्यानंतर चौथ्या आठवड्यात. नंतर लिहीन. तोवर नीतिसूत्रे २५:२० वाचा. खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणारा हा थंडीच्या दिवशी दुसऱ्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणाऱ्यासारखा आहे, असं तिथे म्हटलं आहे. शास्त्राला हे ठाऊक आहे, एवढ्यानेच मला तेव्हा रडू फुटलं होतं.

---

जुनी_वही

ताई, तुम्ही फिलिप्पै ४:४ उघडलंत ते चांगलं केलंत. आता तेच पत्र पहिल्यापासून वाचा, एका बैठकीत. चारच अध्याय आहेत.

या चार अध्यायांत मूळ ग्रीकमध्ये ‘आनंद’ आणि ‘आनंद करणे’ या अर्थाचे शब्द सोळा वेळा येतात, म्हणून याला आनंदाचं पत्र म्हणतात. हे बहुतेक प्रवचनांत सांगतात. लिहिणारा प्रेषित पौल बेड्यांत आहे, हेही सांगतात. पुढचं फार कमी जण सांगतात.

दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा सहकारी येतो. तो मरणाच्या दारातून परतला आहे. पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावर नव्हे तर माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून (२:२७). बघा, ‘सर्वदा आनंद करा’ लिहिणारा माणूस दोनच पानं आधी कबूल करतो की एपफ्रदीत गेला असता तर माझ्यावर दुःखाचा थरावर थर चढला असता. म्हणजे एक थर आधीच आहे! एपफ्रदीत गेला असता तरी तो चांगल्या ठिकाणीच गेला असता, हे पौलाला आपल्यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. स्वतःबद्दल तर त्याने पहिल्याच अध्यायात लिहिलं आहे की ख्रिस्ताजवळ जाऊन असणं अधिक चांगलं. तरीही मित्राच्या मरणाला तो दुःखच म्हणतो.

मग ३:१८ मध्ये तो म्हणतो, हे मी आता रडत सांगतो आहे. लिहिताना किंवा लिहून घेताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि त्यानंतर थोड्याच ओळींनी ४:४ येतं.

त्यामुळे ‘सर्वदा’चा अर्थ ‘दुःखाच्या जागी’ असा होऊ शकत नाही. लिहिणाऱ्याचंच तसं नव्हतं. २ करिंथ ६:१० मध्ये त्याने स्वतःचं वर्णन केलं आहे: दुःखी, तरी सर्वदा आनंद करणारे. आधी दुःखी होतो आणि मग आनंदी झालो, असा तो क्रम लावत नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसात.

---

दीपस्तंभ

सगळ्यांचा आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो. ताईंच्या दुःखाबद्दल मनापासून सांत्वन.

पण आपण वचनाची धार बोथट करतो आहोत का? याकोब १:२ स्पष्ट आहे: नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंदच माना. १ पेत्र १:६ तेच सांगतं. विश्वास भावनांवर टेकून राहिला तर तो विश्वास कसला? दुःखात घर करून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. दहा वर्षं झाली, तरी खोलीतली वस्तू हलवू देत नाहीत, घरातल्या मुलांना मोठ्याने बोलू देत नाहीत. अशा वेळी कोणीतरी हात धरून ‘आता पुरे’ म्हणणं ही प्रीतीच असते. त्या ज्येष्ठ बाई चुकल्या असं मला वाटत नाही.

---

जुनी_वही

दीपस्तंभ, तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. पण याकोबाचं म्हणणं पुरतं ऐकू या.

‘आनंदच माना’ यात ‘माना’ आहे. मूळ क्रियापदही मनात जमेला धरण्याचं, अमुक समजून चालण्याचं आहे. वाटून घ्या, असं ते नाही. आणि कशासाठी मानायचं ते तो लगेच सांगतो: परीक्षेतून धीर उत्पन्न होतो म्हणून. जे घडलं ते आनंदाचं होतं असं म्हणा, हे तो कुठेही सांगत नाही.

मग शेवटच्या अध्यायात, ५:१३ मध्ये, हाच याकोब दोन प्रश्न विचारतो. तुमच्यात कोणी दुःख भोगतो आहे का? त्याने प्रार्थना करावी. कोणी आनंदात आहे का? त्याने स्तोत्रं गावीत. दोन माणसं, दोन कामं. दुःख भोगणाऱ्याला तो गायला सांगत नाही.

संथपाणीताई, तुमचा आवाज निघत नाही, पण तुम्ही गायनात उभ्या राहता. ते उभं राहणं मला याकोबाच्या पहिल्या माणसाची प्रार्थना वाटते.

---

दीपस्तंभ

५:१३ कितीदा तरी वाचलं आहे. या दोन वाक्यांतला फरक कधी लक्षात आला नव्हता. आभारी आहे.

तरी एक नोंदवतो, कारण तेही खरं आहे. माझी आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी मी गायलो. कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या आवडीचं गीत आतून वर आलं आणि मी ते शेवटपर्यंत म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. ते मला मिळालं, आणि जे मला मिळालं ते सगळ्यांना त्याच दिवशी मिळायला हवं असं मी धरून चाललो होतो. तिथे माझं चुकलं असावं.

---

साधावाचक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतो आहे. राग येणार नसेल तर विचारतो. पुढे कधीतरी भेट होणार आहे या आशेवर आज आनंदी राहायचं, हे स्वतःची समजूत घालणं नाही का? माझे वडील गेले तेव्हा असं सांगणारे बरेच आले. मला त्यांचं बोलणं म्हणजे माझं दुःख माझ्या हातातून काढून घेणं वाटायचं.

---

पहाटवेळ

साधावाचक, राग कशाला येईल. तुम्हाला तेव्हा जे वाटलं ते योग्यच वाटलं. योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय मला या प्रश्नावर नेहमी आठवतो.

लाजर आजारी आहे. त्याच्या बहिणी येशूला निरोप पाठवतात. तो लगेच निघत नाही, आणि पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. आधी मार्था भेटते आणि म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि शब्दाला शब्द जुळेल असं तेच म्हणते. दोघी बहिणी घरात चार दिवस हेच एकमेकींना म्हणत असणार.

वाक्य एकच, पण येशू दोघींना वेगवेगळा भेटतो. मार्थाशी तो बोलतो: पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मरीयेला तो शिकवत काहीच नाही. तिला रडताना पाहून तो व्याकूळ होतो, त्याला कुठे ठेवलं आहे एवढंच विचारतो, आणि मग ते दोन शब्दांचं वचन येतं: ‘येशू रडला.’

पुढच्या काही मिनिटांत लाजर बाहेर येणार आहे हे त्याला माहीत आहे. अध्यायाच्या सुरुवातीलाच त्याने ते शिष्यांना सांगितलं आहे. म्हणजे इथे आशा दूरची नाही, तिचा शेवटही ठाऊक आहे, आणि तरी तो रडतो. आशा असली की अश्रूंची गरज उरत नाही असं असतं तर निदान त्या दिवशी त्याला रडायचं कारण नव्हतं.

म्हणून ख्रिस्ती आशा दुःख हातातून काढून घ्यायला येते असं मी मानत नाही. पौल थेस्सलनीकाकरांना ‘खेद करू नका’ एवढंच लिहून थांबत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं लिहितो (१ थेस्सल ४:१३). खेद आहेच, फक्त त्याचा पोत वेगळा आहे.

आणखी एक, मग थांबते. योहान १६:२० मध्ये येशू शिष्यांना म्हणतो, तुमचं दुःखच आनंद होईल. दुःख जाईल आणि त्याच्या जागी दुसरंच काही येईल, असे शब्द नाहीत. लगेच प्रसूतीचं उदाहरण देतो. तिथे ज्या कारणाने वेदना होतात त्याच कारणाने आनंद होतो, ते बाळ एकच असतं. आणि पुनरुत्थानानंतर तो शिष्यांसमोर उभा राहतो तेव्हा हात आणि कूस दाखवतो. नव्या देहातही खुणा राहिल्या आहेत. त्या खुणा बघून शिष्यांना आनंद झाला, असं योहान २०:२० सांगतं. मी यावर वर्षानुवर्षं विचार करते आहे. देवाला त्या खुणा पुसता आल्या नसत्या का?

---

साधावाचक

उत्तर दोनदा वाचलं. मार्था आणि मरीया तेच वाक्य म्हणतात, हे मनात राहिलं. माझ्या वडिलांच्या वेळी आलेले सगळे जण मार्थाशी बोलावं तसं माझ्याशी बोलले, पण मी त्या दिवशी मरीया होतो.

---

मोरपीस_७

आम्ही कॅथलिक, म्हणून आमच्या बाजूचं थोडं.

रोझरीत, म्हणजे माळेच्या प्रार्थनेत, आनंदाची पाच रहस्यं असतात, म्हणजे मनन करायचे पाच प्रसंग. लहानपणी वाटायचं, या दिवशी सगळं गोडच. मोठेपणी लक्षात आलं की चौथ्या रहस्यात, बाळ येशूला मंदिरात अर्पण करताना, तिथला भक्त शिमोन मरियामातेला सांगतो की तुझ्या स्वतःच्या जिवातूनही तलवार भोसकून जाईल. पाचव्यात मुलगा हरवतो आणि तीन दिवसांनी सापडतो. तीन दिवस मूल हरवलेलं असणं, हे आनंदाच्या रहस्यात! ज्यांनी ही माळ गुंफली त्यांना दुःख वगळून आनंद सांगता आला नाही, किंवा त्यांनी तसं करायचं नाकारलं.

आणि स्तोत्र ८८. चर्चच्या दैनिक प्रार्थनेत दर शुक्रवारी झोपण्याआधी ते म्हणतात. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळण घेतात, भरवशाकडे येतात. हे येत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच काळोख असा आहे. तेवढं म्हणायचं, आमेन म्हणायचं आणि झोपायचं. नवरा गेला त्या वर्षी मला हे एकच स्तोत्र खरं वाटायचं. आनंद नव्हता, पण माझ्या तोंडात शब्द होते, आणि ते देवानेच दिलेले होते.

---

शांतसंध्या

मी रुग्णसेवेत आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे. विषयांतर वाटलं तर माफ करा.

दुःख आणि नैराश्याचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी त्या एकमेकींत मिसळू शकतात. दुःखात लाटा येतात. मधे हसू येतं, भूक लागते, परत लाट येते. ताई, तुम्ही हसलात हे वाचून मला हायसं वाटलं. पण दिवसचे दिवस काहीच वाटत नाही, झोप-जेवण मोडलं आहे, सगळी चूक माझीच होती हाच विचार फिरतो आहे, जगू नये असं वाटतं आहे, असं कोणाचं होत असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि जगू नये असा विचार आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका. औषध घेतल्याने विश्वास कमी ठरत नाही.

एलीया संदेष्टा आठवा. १ राजे १९. रतामाच्या झाडाखाली बसून तो म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला तेव्हा कोणतं वचन सुनावलं? काहीच नाही. तो झोपला. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून खायला दिलं आणि म्हणाला, वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. झोप आणि जेवण आधी येतात, हा क्रम मी माझ्या रुग्णांच्या नातेवाइकांना आवर्जून सांगते.

---

ओंजळ

आता लिहिते.

आमचं बाळ गेल्यावर वर्षभर मी शास्त्र उघडलं नाही. मग विलापगीत उघडलं, केवळ नावावरून. नंतर कळलं की ते किती बांधून लिहिलेलं आहे. पाच कविता. पहिल्या चार हिब्रू बाराखडीच्या बावीस अक्षरांवर ओवलेल्या. तिसऱ्या कवितेत प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणून सहासष्ट वचनं. यरुशलेम शहर जळून गेलं आहे, मुलं भुकेने मरत आहेत, आणि कोणीतरी बसून अक्षरामागून अक्षर लावतं आहे. मला ते समजलं. पहिल्या वर्षी मी कपाट रोज लावायची.

त्याची करुणा रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन तिसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे पुस्तकाच्या मधोमध. ते शेवटी नाही! त्यानंतर परत रडणं आहे, आणि शेवटचं वचन जवळपास प्रश्नच आहे: की तू आम्हाला अगदी टाकून दिलं आहेस? म्हणजे मधे एकदा आशा दिसली म्हणजे पुढे रडायचं नाही, असं त्या लिहिणाऱ्याला वाटलं नाही. माझा आनंदही असाच आला. मधेच. एका सकाळी खिडकी उघडली आणि उजेड चांगला वाटला. बस्स. दुपारी परत रडले. पण सकाळ खोटी नव्हती.

पंडिता रमाबाईंचा मला फार आधार वाटतो. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, ज्याच्याबरोबर त्या पायी देशभर हिंडल्या होत्या. १८८२ मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा. तेव्हा रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात गुंतल्या होत्या, आणि मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय होतं याचा मी अंदाज करणार नाही. पण ‘आनंद’ हा शब्द साध्या बाईला कळेल असा मराठीत लिहायचा तर कसा, याचा विचार त्यांनी मुलीच्या आधीही केला असेल आणि नंतरही. मला ते चित्र पुरतं.

---

पहाटवेळ

संथपाणीताई, हसण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

कबर रिकामी पाहून बाया निघाल्या, तेव्हा मत्तय म्हणतो, त्या भीतीने आणि मोठ्या आनंदाने धावत गेल्या (२८:८). भीती अजून उतरलेली नाही, आनंद येऊन पोचला आहे, आणि पाय धावत आहेत. तुमचं त्या संध्याकाळचं हसू मला तसं वाटतं. भाच्याच्या तोंडून भाऊ ऐकू आला आणि तुम्ही हसलात. तुम्ही त्याला विसरून नाही हसलात, त्याला ओळखून हसलात.

---

संथपाणी (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांची उत्तरं अनेकदा वाचली. एकेकाला वेगळं उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही. ‘त्याला ओळखून हसलात’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. त्या ज्येष्ठ बाईंकडेही गेले होते. फिलिप्पै २:२७ त्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांच्या मुलाबद्दल बोलल्या, जो चाळीस वर्षांपूर्वी गेला. मला इतक्या वर्षांत ते माहीतच नव्हतं. आम्ही दोघी रडलो.

काल गायनाच्या सरावाला स्तोत्र १३ घेतलं. सहा वचनांचं आहे. पहिली चार म्हणजे ‘किती वेळ, परमेश्वरा?’, आणि शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. मी आमच्या प्रमुखांना आधीच सांगितलं होतं की मी चारच म्हणेन. ते बरं म्हणाले.

पहिल्या चार वचनांना माझा आवाज आला. फाटका होता, पण आला. पाचव्याला मी थांबले. बाकीचे पुढे गायले. खालचा सूर आता दुसरा एक मुलगा धरतो, नवीनच आहे, जरा घाबरत गातो. मी पुस्तक मिटलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं आणि मी उभी राहून ऐकलं.